शर्मिष्ठा आणि शीलवती : विदेशी सुनांचा मराठी इतिहास

मराठीत 'रोटीव्यवहार' आणि 'बेटीव्यवहार' अशी शब्दांची एक जोडी आहे. पंगत आणि लग्न या दोहोंना 'व्यवहार' म्हणणारा समाज विवाहाकडे दोन व्यक्तींचा संबंध म्हणून नव्हे, तर दोन समूहांची देवघेव म्हणून पाहत आला. मग वधू ज्या समूहातून येते तो या देशातलाच नसेल तर? या प्रश्नाच्या संदर्भात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील दोन विवाह आम्हांस महत्त्वाचे वाटतात.

पहिला विवाह ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी हिंदुस्थानातील जातिसंस्थेच्या इतिहासावर संशोधन केले. त्याचा ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. जातीचा हा अभ्यासक १९२० मध्ये एडिथ कोह्न या जर्मन ज्यू स्त्रीशी विवाहबद्ध झाला. परंपरेबाहेरच्यांना आत घेण्याच्या व्रात्यस्तोम या वैदिक विधीने त्यांना हिंदू करून घेण्यात आले आणि त्या शीलवती केतकर झाल्या. विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयेतिहासाचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्या त्या याच. मिश्रविवाहाच्या संततीचे समाजातील स्थान कोणते, हा प्रश्न केतकरांनी पुढे 'ब्राह्मणकन्या' या कादंबरीत मांडला.

दुसरा विवाह इंदूरचे तुकोजीराव होळकर यांचा. १९२६ मध्ये गादी सोडल्यानंतर त्यांनी मार्च १९२८ मध्ये नॅन्सी अ‍ॅन मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केले. त्याआधी नाशिक येथे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते त्यांचा शुद्धिसंस्कार झाला, धनगर समाजात त्यांना दत्तक घेण्यात आले आणि 'शर्मिष्ठादेवी' हे नाव मिळाले.

या दोन घटनांत एक साम्य आहे. दोन्ही ठिकाणी वंशभेदाची भिंत विधीने ओलांडली गेली. परंतु व्यवस्था मोडली नाही, व्यवस्थेतच जागा करून दिली गेली. शर्मिष्ठादेवींना तर हिंदू होणे पुरेसे ठरले नाही, त्यांना जातही द्यावी लागली. परक्या देशाच्या स्त्रीला जात देता येते, पण शेजारच्या वस्तीतल्या स्त्रीची जात पुसता येत नाही, हा विरोधाभास विचार करायला लावणारा आहे.

कायदाही हळूहळूच सरकला. १८७२ च्या कायद्याखाली नोंदणीविवाह करायचा तर आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती इत्यादी कोणत्याही धर्माचे नाही, असे जाहीर करावे लागे. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांची आपसांतील विवाहापुरती ही अट काढली. सर्वांसाठी धर्म न सोडता नोंदणीविवाहाची वाट १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने खुली झाली.

महाभारतातील शर्मिष्ठा असुरराजाची कन्या, पण ययातीचे राज्य तिच्याच पुत्राला, पुरूला, मिळाले. होळकरांच्या पुढच्या पिढीत मात्र निराळे घडले. यशवंतरावांनंतर १९६१ मध्ये महाराणीपद कागलच्या संयोगिताराजे यांच्या कन्या उषाराजे यांच्याकडे गेले; अमेरिकन आईचे पुत्र रिचर्ड यांच्याकडे नाही. या बाबतीत पुराणकथा विसाव्या शतकापेक्षा उदार दिसते.

आज चित्र किती बदलले? अमेरिकेत १९६७ मध्ये नवविवाहितांपैकी सुमारे ३ टक्क्यांनी भिन्न वंशात लग्न केले होते. २०१५ मध्ये हे प्रमाण १७ टक्के झाले. भारतात २०११-१२ च्या मानवविकास सर्वेक्षणात आंतरजातीय विवाह सुमारे ५ टक्केच आढळले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्यू संस्थेच्या पाहणीत ६४ टक्के लोकांनी आपल्या समाजातील स्त्रियांचे जातीबाहेरचे विवाह थांबवणे अत्यंत महत्त्वाचे मानले.

पुण्याजवळच्या लोणी काळभोरकडे पाहावे. गावाच्या नावातच आडनाव आहे. भावकीत सोयरीक होत नाही, म्हणून सून बाहेरून आणायची, ही आपल्याकडील गावोगावची रीत; पण हे 'बाहेर' जातीच्या कुंपणाशी थांबते. आज त्याच गावात विद्यापीठ आहे आणि दूरदूरच्या प्रांतांतील मुलेमुली एका वर्गात बसतात. रोटीव्यवहार तेथे केव्हाच सुटला, त्याची कोणाला आठवणही नसते. बेटीव्यवहाराचे तसे झालेले नाही. मुलगी ही देण्याघेण्याची वस्तू नाही हे मान्य झाल्याशिवाय तसे होणार नाही, आणि ते मान्य होईल तेव्हा 'व्यवहार' हा शब्दही आपोआप गळून पडेल.