चुलीशेजारचा पाहुणा

मार्गशीर्ष उजाडला की पेडणे आणि डिचोली या तालुक्यांतील खेड्यांचे रूप पालटते. शरदातील भातकापणी, म्हणजे सरदाचे पीक, आटोपलेले असते. मळणी होऊन धान्य घरात आलेले असते, अंगणाच्या कडेला गवताची उडवी रचलेली असते, आणि पाण्याची सोय असलेल्या शेतांत वायंगणाची तयारी चाललेली असते. पहाटे माडांच्या झावळ्यांवरून दव टपटपते. तिन्हीसांजेला नदीकडून थंड वारा सुटतो, आणि घरातील वडीलधारी माणसे खांद्यावर घोंगडी ओढून पडवीतून आत सरकतात. अशाच एखाद्या सांजवेळी मागील दारी एक अनोळखी मांजर येऊन बसते.

ते कोणाचे, कोठून आले, हे कोणालाच ठाऊक नसते. पहिल्या दिवशी त्याला हुसकावले जाते. दुसऱ्या दिवशी धाकटी मुलगी कोणाचे लक्ष नाही असे पाहून बांगड्याचे डोके दाराबाहेर ठेवते. तिसऱ्या दिवशी आजी कुरकुरते, आणि चौथ्या दिवशी तीच आजी भात कालवताना एक घास बाजूला काढते. मांजर प्रथम अंगणात राहते, मग पडवीत येते, मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसते. पुसाच्या कडाक्यात एके सकाळी सून चूल पेटवावयास जाते, तो ते उबदार राखेशेजारी अंगाचे वेटोळे करून निजलेले दिसते. नाताळात ख्रिस्ती घरांतून येशूजन्माचा गोठा उभारतात. त्यातील गवताची ऊब अशा पाहुण्यास ठाऊक झाली, तर मेंढरांच्या मूर्तींमध्ये एक जिवंत प्राणीही झोपलेला सापडतो.

हे चित्र कोण्या एका घराचे नाही. गोमंतकात ते पिढ्यान् पिढ्या दिसत आले आहे. आणि त्याची मुळे शोधू लागल्यास ती सुमारे दहा हजार वर्षे मागे जातात.

गोव्याची थंडी ती केवढी, असे कोणी विचारील. येथे हिवाळ्यातील रात्रीचे तापमान सामान्यतः २० अंशांच्या आसपास उतरते. बर्फाळ प्रदेशातील माणसाला ती वसंतातील रात्र वाटेल. परंतु मांजराचे शरीर निराळे आहे. त्याच्या अंगाचे स्वाभाविक तापमान ३८ ते ३९ अंशांच्या दरम्यान असते, आणि भोवतालची हवा सुमारे ३० अंशांच्या खाली गेली की देहाची ऊब राखण्यासाठी त्याला अधिक शक्ती खर्चावी लागते. याचे कारण त्याच्या कुळात आहे. जगातील पाळीव मांजरे ही आफ्रिका व पश्चिम आशिया येथील कोरड्या प्रदेशांत राहणाऱ्या एका रानमांजराच्या वंशातील आहेत, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवून दिले. वाळवंटाच्या कडेला जन्मलेल्या या प्राण्याला पेडण्याचा पौषही बोचतो. चुलीपाशी येण्यात त्याचा आळस नसतो. ती त्याच्या देहाची गरज असते.

दुसरे कारण धान्याचे. माणूस शेती करू लागला, कोठारे भरू लागला, तेव्हा त्या कोठारांकडे उंदीर वळले आणि उंदरांच्या मागोमाग मांजर आले. कुत्र्याला माणसाने शिकारीसाठी जवळ केले, गाईबैलांना दुधासाठी व नांगरासाठी बांधून घातले. मांजर मात्र आपल्या पायांनी चालत आले. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाच्या शेजारीच एक मांजर पुरलेले आढळले. हा शोध २००४ मध्ये जगापुढे आला. त्या बेटावर मांजरे मूळची नव्हती. अर्थात् कोणीतरी ते होडीतून समुद्रापार नेले होते, आणि मृत्यूनंतरही दोघांना जवळ ठेवावे असे कोणाला तरी वाटले होते. केवळ उंदीर मारणाऱ्या नोकराला असे कोणी आपल्याशेजारी निजवीत नाही.

पुढे मिसर देशात मांजराला देवत्व लाभले. बास्तेत देवीच्या रूपाने ते पूजिले गेले. मांजर चुकून मारणाऱ्या एका रोमन माणसाला तेथील जमावाने ठार केले, असे डायोडोरस या ग्रीक इतिहासकाराने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात लिहून ठेवले आहे. पण देवत्व हे नेहमीच सुखाचे असते असे नाही. त्याच देशात मांजरांची प्रेते मसाले भरून लक्षावधींनी पुरली गेली. आणि १८९० मध्ये त्यांतील सुमारे १९ टन लिव्हरपूल बंदरात आणून शेताला खत म्हणून विकण्यात आली. ज्याची पूजा केली, त्याचे शेवटी खत झाले. माणसाच्या भक्तीचा आणि व्यवहाराचा हा विचित्र संगम होय.

भारतात मांजराची खूण सिंधू संस्कृतीच्या काळापर्यंत मागे जाते. चन्हुदडो येथे १९३५-३६ मध्ये झालेल्या उत्खननात एक वीट मिळाली. ती ओली असताना तिच्यावरून प्रथम मांजर गेले आणि त्यावर कुत्र्याचे पाऊल पडले. कुत्रा मांजराचा पाठलाग करीत होता, असा तिचा अर्थ लावला जातो. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची ती धावपळ मातीने अजून जपून ठेवली आहे. आणि तशी धावपळ डिचोलीच्या बाजारात आजही दिवसातून चार वेळा पाहावयास मिळते.

संस्कृत कोशकारांनी मांजराकडे बारकाईने पाहिले होते. अमरकोशात त्याला ओतु, बिडाल, मार्जार, वृषदंशक आणि आखुभुक् अशी पाच नावे आहेत. आखुभुक् म्हणजे उंदीर खाणारा. आणि मार्जार या शब्दाचा संबंध पुसणे, स्वच्छ करणे या अर्थाच्या धातूशी जोडतात. अंग चाटून स्वच्छ करीत बसलेल्या मांजराला ते नाव किती साजते! साहित्याने मात्र त्याला ढोंगी ठरविले. महाबलिपुरम् येथील सातव्या शतकातील प्रचंड शिल्पपटात हात वर करून तपश्चर्या करणारे मांजर कोरले आहे, आणि त्याच्याजवळ उंदीर आहेत. ‘मांजर डोळे मिटून दूध पिते’ ही आपली म्हण याच संशयाची लेक आहे.

महाभारताच्या शांतिपर्वात याहून गंभीर कथा आहे. वडाच्या झाडाखाली लोमश नावाचे मांजर पारध्याच्या जाळ्यात सापडते. त्याच वेळी पलित नावाच्या उंदरावर एका बाजूने मुंगूस व दुसऱ्या बाजूने घुबड टपलेले असते. उंदीर मांजराच्या आश्रयास जातो, आणि पारधी अगदी जवळ आल्यावर त्याचे जाळे तोडून देतो. दोघेही वाचतात. मग मांजर उंदराला मैत्रीचे आमंत्रण देते. पण पलित ते नाकारतो. कारण संपले, तेव्हा मैत्रीही संपली, असे त्याचे म्हणणे. भीष्माने युधिष्ठिराला सांगितलेली ही राजनीती आहे. ती घराला लागू पडते काय, हाच खरा प्रश्न होय.

आपल्या घरांनी त्याचे उत्तर पुष्कळदा निराळे दिले. मांजर मारणे हे मोठे पाप, आणि त्याची फेड काशीला सोन्याचे मांजर दिल्यावाचून होत नाही, ही समजूत महाराष्ट्रात व कोकणात घरोघरी आहे. मुलांचे रक्षण करणाऱ्या षष्ठीदेवीचे वाहन मांजर मानले जाते. दक्षिणेकडील वैष्णव आचार्यांच्या परंपरेत तर ईश्वरी कृपेचे स्वरूप सांगण्यासाठी मांजराचाच दृष्टान्त घेतला गेला. माकडाचे पिल्लू आईला आपण होऊन घट्ट धरते. मांजराचे पिल्लू काहीच करीत नाही, आईच त्याला तोंडात धरून सुरक्षित जागी नेते. इस्लामी परंपरेत पैगंबरांच्या ज्या सहचराने असंख्य वचने सांगितली, तो अबू हुरैरा, म्हणजे ‘मांजराच्या पिल्लाचा बाप’, याच नावाने ओळखला जातो. आणि मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला शिक्षा झाल्याची कथाही तेथे आहे.

तरीही गरज हा या नात्याचा बळकट धागा होताच. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पश्चिम भारतातील गावे ओस पडू लागली. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने उंदरांच्या पिसवांतून रोग पसरतो हे दाखविले. पुढे १९०८ मध्ये लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्युकॅनन या सरकारी डॉक्टरांनी मध्य प्रांत व वऱ्हाडातील अनुभवावरून, प्लेग रोखण्यासाठी मांजरे पाळावीत, असा आग्रह ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधून धरला. मांजरालाही प्लेग होऊ शकतो, हे आता ठाऊक आहे. त्यामुळे तो उपाय निर्दोष नव्हता. पण त्या भीतीच्या दिवसांत दारी आलेल्या मांजराकडे पाहण्याची दृष्टी कशी असेल, याची कल्पना यावरून करता येते.

पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे प्रदेश १७८१ ते १७८८ या काळात सावंतवाडीच्या भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेले आणि ‘नव्या काबिजादी’ म्हणून ओळखले जाऊ लागले. राज्ये बदलली, पण शेत, कोठार, चूल आणि मांजर ही चौकट बदलली नाही. तिला धक्का बसला तो अलीकडे. १९५०च्या दशकात डिचोलीकडील डोंगरांतून लोहखनिजाचे उत्खनन वाढले. १९६१च्या डिसेंबरमध्ये गोवा मुक्त झाला. रस्ते, वीज, शाळा व नोकऱ्या आल्या. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा पुष्कळ घरांची मिळकत आटली. २०२२च्या डिसेंबरमध्ये पेडणे तालुक्यात मोपा येथील विमानतळाचे उद्घाटन झाले. या साऱ्या उलथापालथीत अनेक शेते पडीक झाली, तांदूळ दुकानातून पिशवीने येऊ लागला, कौलांच्या व माळ्याच्या जागी काँक्रीटचे छप्पर आले, आणि चुलीच्या जागी गॅस. मुले मुंबईला, आखातात, युरोपात गेली. काही घरांना कुलपे लागली. काहींत एकटी म्हातारी माणसे उरली.

म्हणजे पलित उंदराच्या भाषेत बोलायचे, तर कारण संपले. कणगी नाही, तेव्हा उंदीर नाहीत. उंदीर नाहीत, तेव्हा मांजराचे काम नाही. तरी मार्गशीर्षात ते दारी येतेच. आता उबदार राख मिळाली नाही, तर स्कूटरच्या तापलेल्या यंत्रापाशी बसते. आणि रिकाम्या होत चाललेल्या घरात एकट्या राहिलेल्या आजीला, सांजवेळी कोणीतरी आपली वाट पाहत आहे, एवढे पुरेसे असते.

येथेच कुटुंबाची कसोटी लागते. थंडीत कौतुकाने घरात घेतलेली भाटी पुढे विते. तिचा गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचाच असतो. मग घरात चार पिल्ले खेळू लागतात, शेजारी कुरकुरतात, आणि एखाद्या दिवशी ती पिल्ले गोणीत घालून नदीपलीकडे किंवा मासळीबाजारात सोडून दिली जातात. मारले नाही, म्हणून काशीच्या सोन्याचे ओझे नाही, असे मनाचे समाधान केले जाते. पण उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा १९६०च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी ते क्रौर्यच ठरले असते.

त्यावरील उपाय कठीण नाहीत. नर असो वा मादी, पशुवैद्याकडून शस्त्रक्रिया करून घेतली की नको असलेली पिल्ले जन्मास येत नाहीत. रेबीजची लस वेळच्या वेळी टोचून घ्यावी. गोव्यात २०१४ पासून मोठ्या प्रमाणावर चाललेल्या श्वानलसीकरणामुळे २०२१ मध्ये हे राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. ते यश टिकवावयाचे, तर चुलीशेजारच्या पाहुण्यालाही विसरून चालणार नाही. वाटीभर दूध म्हणजे मांजराचा मेवा, ही समजूतही सोडावी. पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. कांदालसणाच्या तिखट हुमणापेक्षा नुसती उकडलेली मासळी त्याला हितकारक.

थंडी महाशिवरात्रीपर्यंत ओसरते. शिमग्याचे ढोल वाजू लागतात, चुलीची ऊब नकोशी होते, आणि मांजर पुन्हा पडवीच्या गार जमिनीवर पसरते. त्या दिवसांत त्याला घराची तितकी गरज नसते, आणि घरालाही त्याची नसते. त्या वेळीही आजीने भात कालवताना एक घास बाजूला काढून ठेवला, तर समजावे की पलिताने नाकारलेली मैत्री या घरात जुळली.