वेधशाळेचे दार

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यात देशातील सर्वांत मोठी दुर्बीण होती, हे आपणांपैकी किती जणांच्या कानी आले आहे? मुळशीची आपली मंडळी नोकरीधंद्यासाठी शिवाजीनगरला जाताना ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयावरून जातात, त्याला पूर्वी 'कॉलेज ऑफ सायन्स' म्हणत. ही दुर्बीण त्या कॉलेजची. आज तिचे नाव काढणारा मनुष्य शोधावा लागतो. असे का व्हावे?

कावसजी दादाभाई नेगमवाला हे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातील तरुण अध्यापक. ताऱ्यांचा प्रकाश लोलकातून फोडून त्यांच्या घटकांचा अभ्यास करण्याची विद्या त्या काळी नवी होती. ती आपल्या विद्यार्थ्यांना शिकवावी, असे त्यांच्या मनाने घेतले. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी ५,००० रुपये दिले, मुंबई सरकारने तेवढीच भर घातली, आणि नेगमवाला पुण्याच्या कॉलेजात आल्यावर तेथे १८८८ मध्ये 'महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा' तयार झाली. तिची दुर्बीण डब्लिनच्या ग्रब कंपनीची, २० इंची आरशाची होती. तिच्यातून नेगमवालांनी मृगातील तेजोमेघाचा वर्णपट तपासला. त्यातील एका ठळक रेषेवरून विलायतेत मोठा वाद चालू होता. त्या वादात पुण्याहून गेलेले त्यांचे निरीक्षण १८९१ मध्ये तेथील खगोल संस्थेच्या नियतकालिकात छापले गेले.

पुढे २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण आले. छायेचा पट्टा कोकणातून चढून सोलापूर जिल्ह्यावरून पुढे गेला. नेगमवाला आपली मंडळी व साहित्य घेऊन करमाळा तालुक्यातील जेऊरला गेले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांनीही जेऊरलाच तळ ठोकला होता. इंग्लंडचे नॉर्मन लॉकियर विजयदुर्ग किल्ल्यावर उतरले आणि आरमारी जहाजावरील खलाशांना त्यांनी चार-चार कामे शिकवून निरीक्षणास बसविले. त्यांच्या यंत्रांसाठी बांधलेल्या चौथऱ्यांना गावकरी आजही 'साहेबाचे कट्टे' म्हणतात. (हेलियमचा शोध तेथेच लागला असे किल्ल्यावर सांगतात, ते मात्र बरोबर नव्हे. ती पिवळी रेषा लॉकियर यांनी १८६८ मध्ये इंग्लंडात पाहिली होती, विजयदुर्गला ते त्यानंतर ३० वर्षांनी आले.) तरी एक गोष्ट ध्यानात घ्या. काही दिवसांच्या मुक्कामाची आठवण गावाने सव्वाशे वर्षे जपली, कारण ती त्याच्या अंगणात घडली, त्याच्या डोळ्यांदेखत घडली. पुण्यातील २४ वर्षांच्या वेधशाळेच्या वाट्याला तसले एखादे घरगुती नावसुद्धा आले नाही.

१९१२ मध्ये नेगमवाला निवृत्त झाले आणि सरकारने वेधशाळा बंद केली. दुर्बीण व इतर साहित्य कोडाईकनालला रवाना झाले. सारी संस्था एका माणसाच्या खांद्यावर उभी होती, तो खांदा निघाला आणि संस्था बसली.

असे एकट्या पुण्यातच झाले असे नाही. समरकंदचा राजा उलुघ बेग हा स्वतः गणिती. त्याने मदरसा बांधला, तेथे गणित व ज्योतिष शिकविले जाई, आणि जवळच भव्य वेधशाळा उभारून हजारावर ताऱ्यांची सारणी करविली. १४४९ मध्ये त्याचा खून झाला आणि वेधशाळा ओस पडली. तिचा पाया १९०८ मध्ये उत्खननात सापडला. सारणी वाचली ती त्याचा शिष्य अली कुशजी याच्यासारख्या विद्वानांमुळे. इमारत राजाची होती, विद्या शिष्यांची झाली होती.

पुण्यात मधल्या काळात हौशी मंडळींनी ही वाट मोडू दिली नाही. १९४४ मध्ये ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली. १९५४ मध्ये टिळक रस्त्यावरील न्यू इंग्लिश स्कूलने चक्क शाळेत तारांगण सुरू केले. १९८८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली 'आयुका' स्थापन झाली. ही संस्था विद्यापीठांतील संशोधकांसाठी, पण नारळीकरांनी दुसऱ्या शनिवारची व्याख्याने शाळेच्या मुलांसाठी राखली, आणि ती मराठीतही ठेवली. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलाला ते म्हणत, पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही येईल. २० मे २०२५ रोजी ते गेले. एका पोस्टकार्डाच्या खर्चात वेधशाळा खेड्यापर्यंत नेणारी याहून सोपी युक्ती मला तरी दुसरी माहीत नाही.

आता खोडदकडे वळू. जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या पूर्वेस, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या आहेत. त्यांपैकी १४ मध्यभागी आहेत, उरलेल्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, सुमारे २५ किलोमीटरांच्या टापूत, शेताशिवारांतून पसरल्या आहेत. प्रा. गोविंद स्वरूप यांनी पोलादी तारांची हलकी जाळी ताणून या तबकड्या स्वस्तात करण्याची युक्ती काढली. ही दुर्बीण आकाशातील रेडिओलहरी ऐकते. त्या इतक्या क्षीण असतात की जवळचा मोबाइल किंवा ठिणगी उडविणारे यंत्र त्यांना सहज बुडवून टाकते. म्हणून आसपास कारखान्यांवर बंधने आहेत, आणि पुणे-नाशिक नव्या रेल्वेमार्गाच्या आखणीतही या दुर्बिणीचा प्रश्न उभा राहिला. शेजाऱ्याने आवाज करू नये असे ज्याला वाटते, त्याने आपण काय ऐकतो हे शेजाऱ्याला सांगावयास नको काय?

मुळशीकरांना हे उलगडून सांगण्याची गरज नाही. १९२१ मध्ये टाटा कंपनीच्या धरणासाठी आपल्या पूर्वजांच्या जमिनी गेल्या, सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला, वीज मात्र मुंबईला गेली. मोठे काम आपल्या दारी येते आणि आपल्यालाच दाराबाहेर उभे करते, हे आपण पाहिले आहे. खोडदला निदान वर्षातून एकदा, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनी, फाटक उघडते. परिसरातील शाळा-महाविद्यालयांची मुले आपापले प्रयोग मांडतात, आणि शास्त्रज्ञ शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे देतात. एक दिवस थोडाच आहे, असे माझे मत आहे. जिल्ह्यातील प्रत्येक तालुक्याच्या शाळांना पाळीने बोलावले पाहिजे, आणि आपल्या संस्थांनीही बोलावण्याची वाट न पाहता पत्र घातले पाहिजे.

मुले नेणाऱ्या शिक्षकबंधुभगिनींना एक सूचना. या दुर्बिणीला डोळा लावता येत नाही. चंद्रावरचे खड्डे दिसतील या आशेने गेलेले मूल हिरमुसते, तेव्हा आधल्या दिवशी वर्गात एक जुना रेडिओ लावून, दोन केंद्रांमधली खरखर ऐकवून, ती कोठून येते ते विचारावे. पौडहून पहाटेच निघावे, फोन बंद करून ठेवावेत, आणि प्रत्येकाच्या वहीत त्याच्या स्वतःच्या अक्षरात एक तरी प्रश्न लिहिलेला असावा.