सरव्याचा हक्क

जुन्या करारातील लोकजीवन समजून घेण्यासाठी टीकाग्रंथ हवेतच. परंतु ज्याने आपल्या भागातील जुने खळे पाहिले आहे, त्याची अर्धी वाट आधीच सरलेली असते. पांढुर्णा-सौंसर परिसरात मळणीयंत्रे येण्यापूर्वी शेणाने सारवलेल्या खळ्यात मेढीभोवती बैलांची पात फिरत असे. वारा सुटला की धान्य उपणायचे आणि रास घरी जाईपर्यंत तिच्याशेजारीच निजायचे, हा शिरस्ता होता.

रूथच्या कथेत बवाज नेमके हेच करतो. बेथलेहेमच्या खळ्यात तो रात्री सातू उपणतो आणि राशीच्या कडेला झोपतो. समुद्राकडील वारा तेथे दुपारनंतर वाहू लागतो, म्हणून ही वेळ. आपल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

मात्र साम्याने भुलून जाऊ नये. कापणीनंतर पडलेली कणसे, म्हणजे सरवा, गोरगरिबांनी वेचावा आणि मालकाने काणाडोळा करावा, ही आपल्याकडची मुभा होती. खळ्यावर मिळणारे बलुते हा तर जातीने ठरलेल्या कामाचा मोबदला होता. मोशेच्या नियमशास्त्राने बंधन घातले ते मालकावर. 'लेवीय' या ग्रंथाच्या १९ व्या अध्यायानुसार त्याने शेताच्या कडेपर्यंत कापणी करू नये, सरवा गोळा करू नये. तो गरिबांसाठी व परक्यांसाठी आहे. 'अनुवाद' या ग्रंथाच्या २४ व्या अध्यायात शेतात विसरलेली पेंढीही परका, अनाथ व विधवा यांची ठरते. सरवा ही दया नव्हती; तो हक्क होता.

रूथ विधवा होती आणि मवाब देशातील परकीही होती. तिचा हक्क दुहेरी होता. तरीही ती आधी परवानगी मागते, आणि तिला त्रास देऊ नका, असे बवाजला आपल्या गड्यांना बजावावे लागते. तिच्यासाठी मुद्दाम कणसे टाकण्यास तो सांगतो, तेव्हा सायंकाळी तिच्या पदरी एफाभर, म्हणजे सुमारे २२ लिटर, सातू पडतात. शासकीय सेवेत आयुष्य गेल्यामुळे मला हा तपशील फार खरा वाटतो. नियम लिहिलेला असला तरी तो गरिबाच्या पदरात पडण्यासाठी शेतात उभा असलेला माणूस भला असावा लागतो.

पंडिता रमाबाईंनी केडगाव येथे मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे भाषांतर केले, ते साध्या स्त्रियांनाही कळेल अशा मराठीत. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले. संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या काळच्या वाचकाला खळे, उपणणे, सरवा हे शब्द घरचे होते. आज धान्य यंत्रातून थेट पोत्यात पडते. नातवंडांना हे शब्द कोशात शोधावे लागतील. त्याला इलाज नाही. पण शेताची कड कोणासाठी राखायची, हा प्रश्न त्या शब्दांबरोबर विसरला जाऊ नये, एवढीच इच्छा आहे.