छत्तीस फोटोंचं लग्न

मागच्या महिन्यात आमच्या गटांनी एक बैठक वेगळी घेतली. हप्त्याचा हिशोब झाल्यावर प्रत्येकीनं आपल्या लग्नाचा जुना फोटो काढून दाखवायचा, असं ठरलं. अमरावती आणि अकोला, दोन्हीकडच्या बाया पेट्या उघडून बसल्या. कोणाचा फोटो पिवळा पडलेला, कोणाचा अल्बम वाळवीनं खाल्लेला. हे सगळे फोटो रोलचे. आज त्या रोलच्या फोटोची गोष्ट सांगतो.

1839 साली पॅरिसमध्ये फोटो काढण्याची रीत जाहीर झाली. 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफी करणाऱ्यांची संस्थाही निघाली. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी त्या काळी फोटो काढत. पण तेव्हा काचेची पाटी, औषधं, तिपाई असा मोठा पसारा लागे. 1888 मध्ये अमेरिकेच्या ईस्टमन यांनी रोलचा सोपा कॅमेरा विकायला आणला, तिथून कॅमेरा हातात मावू लागला. आपल्या देशात 1960 साली उटीला सरकारी कारखाना स्थापन झाला. त्याच्या 'इंदू' नावाच्या रोलवर काळे-पांढरे फोटो निघत. आगफाचा 'क्लिक थ्री' कॅमेरा तर तुमच्यापैकी कोणाच्या सासऱ्यांनी वापरलाही असेल. त्यात एका रोलवर 12 फोटो येत. पुढे आलेल्या लहान रोलवर 36.

आता आपल्या मांडवात या. आपल्याकडे बरीच लग्नं उन्हाळ्यात. घर लहान अन् पाहुणे फार, म्हणून मांडव अंगणात, नाही तर वाडीत. वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागेतही लग्नं लागली. झाडांची सावली पाहुण्यांना बरी, पण फोटोवाल्याची पंचाईत. पानांतून येणारं ऊन नवरीच्या तोंडावर ठिपके पाडी. तिला बाहेर उन्हात उभं केलं, तर डोळ्यांखाली काळी सावली. गोरज मुहूर्ताला उजेड मऊ असे, पण मुहूर्त थोडा लांबला की अंधार, मग फ्लॅशशिवाय चेहरा उमटत नसे. अक्षता पडतानाचा क्षण एकदाच येतो. तेव्हाच रोल संपला, तर तो फोटो गेलाच. अन् फोटो कसा आला, हे रोल धुऊन येईपर्यंत कोणालाच कळत नसे.

म्हणून फोटोवाला एकेक फोटो मोजून काढी. कोणाचा काढायचा, ते घरचा कर्ता माणूस सांगे. बैठकीत आम्ही अल्बम चाळले. नवरदेव दिसला, मामा दिसले, गावचे मोठे लोक दिसले, बँडवालेही दिसले. पण पहाटेपासून पोळ्या लाटणाऱ्या, हळद दळणाऱ्या बाया कुठंच नव्हत्या. आमच्यातली एक आजी म्हणाली, "मी त चुलीपाशी होती, बाई. मले कोन बलावते?" सगळ्या हसल्या, मग गप्प झाल्या.

कॅमेऱ्यामागच्या बाईचंही तसंच. होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापले जात. पुढे त्याच बाईंना पद्मविभूषण मिळालं.

पण त्याच 36 मधल्या एका फोटोनं आमच्या एका ताईचं घर वाचवलं. नवरा गेल्यावर सासरचे म्हणाले, हिचं लग्न झालंच नव्हतं. लग्नाची नोंद नाही, पत्रिका नाही, अल्बम वाळवीनं खाल्ला. ताई तालुक्याच्या जुन्या फोटोवाल्याकडे गेली. त्यानं निगेटिव्ह पाकिटात घालून, तारीख टाकून ठेवल्या होत्या. एक निगेटिव्ह पुन्हा छापली. बागेतला मांडव, दोघांच्या गळ्यात हार, मागं उभी माणसं. त्यातले तिघं हयात होते. त्यांना फोटो दाखवला, तेव्हा ते साक्ष द्यायला उभे राहिले. एकटा फोटो पुरला नसता. पण कोणाकडे जायचं, ते फोटोनं सांगितलं.

म्हणून मैत्रिणींनो, तीन कामं करा. एक, निगेटिव्ह फेकू नका. त्यावर बोट न लावता कडेनं धरा, कागदी पाकिटात घाला, ओल अन् उन्हापासून दूर ठेवा. दोन, फोटोच्या मागं पेन्सिलीनं हलक्या हातानं नावं, गाव अन् साल लिहा. ओळखणाऱ्या आज्या आहेत तोवर विचारून घ्या. तीन, लग्नाची नोंद करा. महाराष्ट्रात त्यासाठी 1998 चा कायदा आहे, अन् 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही नोंदणी सक्तीची करायला सांगितलं. गावात ग्रामपंचायतीत चौकशी करा.

आता मोबाईलमध्ये हजार फोटो निघतात, अन् मोबाईल बिघडला की हजारही जातात. त्यातले दहा तरी छापून घ्या. अन् त्या दहांत एक फोटो चुलीपाशी जाऊन काढा. पुढच्या बैठकीत तो दाखवा, आम्ही वाट पाहतो.