चित्रीकरणस्थळ पर्यटन

चित्रीकरणस्थळ पर्यटन म्हणजे चित्रपट किंवा दूरचित्रवाणी मालिकेचे चित्रीकरण जेथे झाले, ती जागा प्रत्यक्ष पाहण्यासाठी केलेला प्रवास होय. अद्भुत, पौराणिक आणि गूढ कथांच्या बाबतीत या प्रवासाला वेगळे स्वरूप येते. अशा कथेतील नगरी किंवा झपाटलेला वाडा काल्पनिक असतो; तो ज्या वास्तूत उभा केला जातो ती वास्तू मात्र खरी असते आणि अनेकदा तिथे कोणाचे तरी घर, देऊळ किंवा पाणवठा असतो. महाराष्ट्रातील याचे सर्वाधिक परिचित उदाहरण म्हणजे 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेमुळे प्रसिद्धीस आलेला सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आकेरी येथील वाडा. सासवड, मेणवली आणि वसगडे ही याच प्रकारची अन्य ठिकाणे आहेत.

स्वरूप

चित्रीकरणाच्या जागांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार स्टुडिओतील सेटचा. लाकूड, प्लायवूड, कापड आणि प्लास्टर ऑफ पॅरिस यांपासून उभारलेले हे सेट काम संपल्यावर मोडले जातात, त्यामुळे प्रेक्षकाला पाहण्यासारखे मागे फारसे काही उरत नाही. दुसऱ्या प्रकारात खासगी घरे, वाडे आणि शेतजमिनी येतात. या जागा भाड्याने घेतल्या जातात आणि चित्रीकरणानंतरही मूळ मालकाच्या वापरात राहतात. तिसरा प्रकार घाट, मंदिरे, किल्ले, रस्ते यांसारख्या सार्वजनिक किंवा वारसा असलेल्या स्थळांचा आहे. पर्यटक प्रामुख्याने दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारच्या जागांकडे वळतात.

पडद्यावरील जागा ही बहुधा अनेक ठिकाणांची जोडणी असते. वाड्याचे बाह्यदृश्य एका गावातील, अंतर्भाग दुसरीकडच्या सेटवरील आणि जंगल तिसऱ्याच ठिकाणचे असू शकते. प्रकाशयोजना, धूर, पार्श्वसंगीत आणि संगणकीय दृश्ये यांमुळे निर्माण झालेले वातावरण प्रत्यक्ष भेटीत आढळत नाही.

पार्श्वभूमी

भारतीय दूरचित्रवाणीवर पौराणिक मालिकांचे युग रामानंद सागर यांच्या 'रामायण' या मालिकेने सुरू झाले. ती २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात दूरदर्शनवर प्रसारित झाली. तिचे चित्रीकरण प्रामुख्याने महाराष्ट्राच्या सीमेलगत असलेल्या गुजरातमधील उंबरगाव येथे झाले. प्रेक्षकांच्या मनातील अयोध्या आणि लंका अशा रीतीने एकाच किनारी गावात उभ्या राहिल्या होत्या. बी. आर. चोप्रा यांच्या 'महाभारत' (१९८८–१९९०) या मालिकेचे बरेचसे काम मुंबईतील गोरेगावच्या चित्रनगरीत झाले, तर युद्धाची दृश्ये राजस्थानात चित्रित करण्यात आली. १९७७ साली स्थापन झालेली ही चित्रनगरी पुढे दादासाहेब फाळके यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

त्या काळात प्रेक्षकांचे आकर्षण जागेपेक्षा कलाकारांभोवती केंद्रित होते. राम किंवा कृष्णाची भूमिका करणाऱ्या नटाच्या पाया पडणारे प्रेक्षक होते. मालिकेतील राजवाडा शोधत जाणारे विरळाच. पुढे मराठी वाहिन्यांवरील मालिका खऱ्या गावांत, खऱ्या वाड्यांत आणि स्थानिक बोलीत चित्रित होऊ लागल्या, तेव्हा हे चित्र बदलले. गावाचे नाव कळले की तेथे एस.टी.ने किंवा स्वतःच्या वाहनाने जाता येते, हे प्रेक्षकांच्या लक्षात आले. भ्रमणध्वनीवरील कॅमेरा आणि समाजमाध्यमे यांमुळे अशा भेटींचा प्रसार वेगाने झाला.

आकेरी आणि 'रात्रीस खेळ चाले'

'रात्रीस खेळ चाले' ही झी मराठी वाहिनीवरील गूढ मालिका फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाली. राजू सावंत यांनी तिचे दिग्दर्शन केले. कोकणातील नाईक कुटुंबाचे प्रमुख अण्णा यांच्या मृत्यूनंतर वाड्यात एकत्र आलेले नातेवाईक आणि तेथे घडणाऱ्या अनाकलनीय घटना हा पहिल्या पर्वाचा विषय होता. पूर्वकथा सांगणारे दुसरे पर्व जानेवारी २०१९ मध्ये, तर तिसरे पर्व मार्च २०२१ मध्ये सुरू झाले. माधव अभ्यंकर यांनी साकारलेले अण्णा नाईक आणि अपूर्वा नेमळेकर यांनी साकारलेली शेवंता ही पात्रे विशेष लोकप्रिय ठरली. पांडूची भूमिका करणारे प्रल्हाद कुडतरकर हे मालिकेच्या लेखनातही सहभागी होते. मालवणी बोलीचा मुबलक वापर हे मालिकेचे ठळक वैशिष्ट्य होते.

मालिकेतील नाईकांचा वाडा हा सावंतवाडी शहराजवळील आकेरी गावातील एक जुना खासगी वाडा आहे. जांभ्या दगडाचे बांधकाम, उतरती कौलारू छपरे, पडवी, अंगण, तुळशीवृंदावन आणि भोवतालची झाडी ही दक्षिण कोकणातील घरांची नेहमीची वैशिष्ट्ये मालिकेत भयाचे वातावरण निर्माण करण्यासाठी वापरली गेली. मालिका लोकप्रिय होताच प्रेक्षक हा वाडा पाहण्यासाठी येऊ लागले. वाड्यासमोर छायाचित्र काढणे, मालिकेतील प्रसंग जेथे घडले ते कोपरे ओळखणे आणि चित्रीकरण चालू असल्यास कलाकारांना भेटणे असे या भेटींचे स्वरूप होते. गोव्याला जाणारे प्रवासीही वाटेत आकेरीला थांबू लागले.

मालिकेबाहेरही आकेरीला स्वतःची ओळख आहे. येथील रामेश्वर मंदिर हे परिसरातील महत्त्वाचे देवस्थान मानले जाते. जवळच्या सावंतवाडीतील मोती तलाव, भोसले संस्थानिकांचा राजवाडा, तेथे जोपासली गेलेली गंजिफांची कला आणि चितारआळीतील लाकडी खेळणी हीदेखील पर्यटकांची आकर्षणे आहेत. अद्भुताची आवड असलेल्यांसाठी या भागात मालिकेपेक्षा कितीतरी जुनी परंपरा उपलब्ध आहे: गावोगावच्या जत्रांमध्ये मंदिराच्या आवारात रात्रभर रंगणारा दशावतार. त्यात देव, राक्षस आणि राजे मोजक्या साधनांनिशी, पेटी, मृदंग आणि झांज यांच्या साथीने उभे केले जातात.

आक्षेप

मालिका सुरू झाल्यानंतर तिच्याविरुद्ध आक्षेपही घेण्यात आले. कोकण म्हणजे भुताखेतांचा प्रदेश आणि मालवणी माणूस म्हणजे अंधश्रद्धाळू, अशी प्रतिमा मालिकेमुळे रूढ होते, हा त्यांतील मुख्य मुद्दा होता. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा लागू झाला होता, त्या पार्श्वभूमीवर या टीकेला धार आली. राखणदार, देवचार, कौल आणि गाऱ्हाणे या कल्पनांना दक्षिण कोकणाच्या ग्रामजीवनात श्रद्धेचे स्थान आहे. ग्रामदेवतेला घातले जाणारे गाऱ्हाणे हे गावाच्या रक्षणासाठी आणि भल्यासाठी केलेली सामूहिक प्रार्थना असते. भयकथेत त्यांचा संदर्भ बदलतो आणि बाहेरून येणारा पर्यटक त्यांच्याकडे त्याच दृष्टीने पाहण्याची शक्यता असते. दुसऱ्या बाजूला, मालवणी बोली घराघरांत पोहोचली, स्थानिक कलाकारांना काम मिळाले आणि जिल्ह्याचे नाव सर्वदूर गेले, असे मालिकेच्या समर्थनार्थ सांगितले जाते.

महाराष्ट्रातील अन्य ठिकाणे

सासवड (पुणे जिल्हा): येथील सरदार पुरंदरे यांच्या वाड्यात 'तुंबाड' (२०१८) या अद्भुत भयपटाचा काही भाग चित्रित झाला. राही अनिल बर्वे दिग्दर्शित या चित्रपटातील ओलसर, काळवंडलेले वातावरण साधण्यासाठी अनेक पावसाळ्यांत चित्रीकरण करण्यात आले. तुंबाड नावाचे खरे गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यात जगबुडी नदीकाठी आहे. श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीमुळे मराठी वाचकांना ते आधीपासून परिचित होते. चित्रपटाचे नाव एका गावाचे आणि त्यातील वाडा दुसऱ्या गावातील, अशी येथे स्थिती आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा वाड्याविषयीचे कुतूहल नव्याने वाढले.

मेणवली (सातारा जिल्हा): वाईजवळ कृष्णाकाठी नाना फडणवीस यांचा वाडा, घाट आणि मेणेश्वराचे मंदिर आहे. घाटावरील मोठी घंटा वसईच्या मोहिमेनंतर आणलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी एक आहे. 'स्वदेस' (२००४) या चित्रपटातील उत्तर प्रदेशातील चरणपूर हे काल्पनिक गाव वाई-मेणवली परिसरात साकारले होते. चित्रपट अद्भुतकथा नसला तरी पडद्यावरील गाव आणि प्रत्यक्षातील गाव यांतील अंतराचे हे चांगले उदाहरण आहे.

वसगडे (कोल्हापूर जिल्हा): 'तुझ्यात जीव रंगला' या मालिकेतील गायकवाडांचा वाडा येथे चित्रित झाला. ही कौटुंबिक मालिका असली तरी तिच्यामुळे गावात लोटलेली गर्दी लक्षणीय होती. वाहनांची कोंडी, कचरा आणि दैनंदिन व्यवहारात येणारा व्यत्यय यांमुळे मालिका चालू असताना ग्रामस्थांनी चित्रीकरणाला विरोध दर्शवला होता.

कळवा आणि ठाणे परिसर

ठाणे शहरातील घोडबंदर रस्ता हा मराठी आणि हिंदी मालिकांच्या चित्रीकरणाचा महत्त्वाचा पट्टा आहे. येथील बंगले आणि स्टुडिओ अनेक मालिकांमध्ये घर म्हणून दिसतात. मात्र या जागा कामाच्या असल्याने सामान्यतः प्रेक्षकांसाठी खुल्या नसतात. त्यामुळे ठाणे, कळवा, दिवा, डोंबिवली आणि कल्याण येथील प्रेक्षकाला मालिकांचे काम शेजारी चालत असूनही तिची 'जागा' पाहण्यासाठी दूरच्या गावाकडे जावे लागते.

कळवा हे मध्य रेल्वेवरील ठाणे आणि मुंब्रा यांच्या दरम्यानचे उपनगरी स्थानक आहे. येथे लांब पल्ल्याच्या गाड्या थांबत नाहीत. कोकणात जाण्यासाठी कळव्यातील प्रवासी एका बाजूला ठाणे किंवा दुसऱ्या बाजूला मुंब्र्यापलीकडील दिवा गाठतात. दिवा–सावंतवाडी गाडी दिव्यातूनच सुटते. गाडी दिवा–पनवेल–रोहा मार्गाने जाऊन रोह्यापासून कोकण रेल्वेवर येते. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग जानेवारी १९९८ मध्ये प्रवासी वाहतुकीसाठी खुला झाला. आकेरीसाठी कुडाळ, झाराप आणि सावंतवाडी रोड ही स्थानके सोयीची आहेत. त्यांपैकी सावंतवाडी रोड स्थानक शहराबाहेर मळगाव येथे आहे.

ठाणे परिसरात सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतून आलेली अनेक कुटुंबे राहतात. गणेशोत्सव आणि शिमग्याला गावी जाणाऱ्या या चाकरमान्यांच्या दृष्टीने आकेरी हे पर्यटनस्थळ असण्यापेक्षा आपल्या वाटेवरचे गाव असते. त्यांच्या स्वतःच्या गावातील घरे मालिकेतील वाड्यासारखीच दिसतात, आणि वर्षातील बराच काळ कुलूपबंद असलेल्या अशा घरांचा प्रश्न त्यांना मालिकेबाहेरही परिचित असतो.

परिणाम

चित्रीकरणामुळे गावात भाडे, जेवणावळी, वाहने, सुतारकाम आणि दुय्यम भूमिका या रूपाने तात्पुरते उत्पन्न येते. पर्यटकांमुळे चहाच्या टपऱ्या, खाणावळी, रिक्षा आणि घरगुती निवास यांना ग्राहक मिळतात. हे उत्पन्न मालिकेच्या लोकप्रियतेवर अवलंबून असल्याने ते अस्थिर असते. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत राज्यातील चित्रीकरणावर निर्बंध आले, तेव्हा अनेक मराठी मालिकांनी आपले काम गोवा आणि अन्य राज्यांत हलवले. कथेतील घर पडद्यावर आहे तेथेच राहिले. रोजगार मात्र दुसरीकडे गेला.

खासगी वास्तूंच्या बाबतीत खासगीपणाचा प्रश्न सर्वांत तीव्र असतो. भाड्याचा करार निर्माता आणि मालक यांच्यात होतो. प्रेक्षक त्याचा भाग नसतो. चित्रीकरण संपल्यावरही लोक येत राहतात आणि अंगणात शिरणे, परवानगीशिवाय छायाचित्रे काढणे, अवेळी येणे यांचा त्रास घरातील माणसांना व शेजाऱ्यांना होतो. जुन्या वाड्यांच्या बाबतीत वास्तूच्या सुरक्षिततेचाही प्रश्न असतो. लाकडी माड्या आणि जिने एका कुटुंबाच्या वापरासाठी बांधलेले असतात, गर्दीच्या भारासाठी नाही. याउलट, चित्रीकरणाचे भाडे आणि मिळालेली प्रसिद्धी यांमुळे वाड्याची दुरुस्ती करणे मालकाला शक्य होऊ शकते. पडझड झालेल्या अनेक वाड्यांसाठी हा मोजक्या पर्यायांपैकी एक ठरतो.

अन्य देशांतील उदाहरणे

न्यूझीलंडमधील माटामाटाजवळ एका कुटुंबाच्या मेंढपाळीच्या शेतावर 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या चित्रपटमालेतील हॉबिटन गाव उभारण्यात आले. पहिला सेट तात्पुरता होता. पुढील चित्रपटमालेच्या वेळी तो टिकाऊ साहित्याने पुन्हा बांधण्यात आला आणि आता तो मार्गदर्शकासह, शुल्क आकारून दाखवला जातो. येथे मालक, गाव आणि पर्यटक यांच्यातील संबंध आरंभीच नियमबद्ध झाले.

'गेम ऑफ थ्रोन्स' (२०११–२०१९) या अद्भुत मालिकेबाबत तसे घडले नाही. क्रोएशियातील डुब्रोव्हनिक हे तटबंदीचे शहर मालिकेत राजधानी म्हणून दिसले. आधीच पर्यटकांनी गजबजलेल्या या जागतिक वारसास्थळावरील ताण आणखी वाढला आणि प्रशासनाला क्रूझ जहाजांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. उत्तर आयर्लंडमधील 'डार्क हेजेस' या अठराव्या शतकातील बीच वृक्षांच्या रांगेतून जाणारा रस्ता मालिकेत काही क्षणच दिसतो. तरीही तेथे इतकी वाहने येऊ लागली की वृक्षांच्या मुळांच्या रक्षणासाठी २०१७ साली तो वाहनांसाठी बंद करण्यात आला.

महाराष्ट्रात गोरेगावच्या चित्रनगरीत नियंत्रित पद्धतीने सहलींची व्यवस्था करण्यात आलेली आहे. आकेरी किंवा सासवडसारख्या खासगी वास्तूंमध्ये मात्र प्रवेश पूर्णतः मालकाच्या संमतीवर अवलंबून असतो.

हे सुद्धा पहा

रात्रीस खेळ चाले
दादासाहेब फाळके चित्रनगरी
दशावतार
मेणवली
कळवा रेल्वे स्थानक