दोनशे रुपयांची कपात आणि दुष्काळाची संहिता

महाराष्ट्रात नोकरी करत असाल तर पगाराची स्लिप उघडून बघा. पीएफच्या आसपास कुठेतरी ‘व्यवसाय कर’ किंवा नुसतंच ‘पीटी’ असं लिहिलेलं असतं आणि पुढे २०० रुपये. फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २५००. नोकरीला लागलेले माझे जुने विद्यार्थी भेटायला आले की मी त्यांना विचारते, हे पैसे कशासाठी कापतात? आजवर एकालाही नीट उत्तर देता आलेलं नाही.

हा कर १९७५ साली रोजगार हमी योजनेसाठी लावला गेला. शहरात पगार घेणाऱ्याने दरमहा थोडं द्यायचं, सरकारने त्यात आपली भर घालायची आणि पावसाने दगा दिलेल्या गावात जो काम मागेल त्याला काम द्यायचं, असा तो हिशेब होता. मुंबई-पुण्याचा पगार आणि माणदेशातला कोरडा ओढा यांना कायद्याने एकमेकांना बांधून टाकणारी दुसरी अशी गोष्ट मला तरी ठाऊक नाही.

मी पर्यावरणशास्त्र शिकवते. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला ‘हवामान बदल आणि अनुकूलन’ असा एक पेपर आहे. पाठ्यपुस्तकातलं अनुकूलन १९९२च्या रिओ परिषदेपासून सुरू होतं, मग नेदरलँड्सचे बांध येतात, बांगलादेशातली चक्रीवादळाची निवारागृहं येतात, २००८ची आपली राष्ट्रीय कृती योजना येते. सगळं बरोबरच आहे. पण हे सगळं मी पुण्यात बसून शिकवते. इथल्या शिवाजीनगरला ‘सिमला ऑफिस’ नावाचा चौक आहे. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून इथे आलं, म्हणून हे नाव. त्याच्या शेजारीच कृषी महाविद्यालय आहे. तिथून दोन-तीन किलोमीटरवर डेक्कनला गोखले अर्थशास्त्र संस्था आहे. पाऊस, माती आणि भूक या तिन्हींचा हिशेब ठेवणाऱ्या संस्था रिक्षाने वीस मिनिटांत फिरून होतात. तरी आमच्या मुलांना वाटतं की अनुकूलन ही परदेशातून आलेली नवी विद्याशाखा आहे.

आता मागे जाऊ. १८७६ ते ७८चा दुष्काळ. दख्खन, म्हैसूर, मद्रास इलाखा, सगळीकडे पाऊस पडला नाही. नंतर नेमलेल्या सरकारी आयोगाच्याच अंदाजाने एकट्या ब्रिटिश मुलखात ५० लाखांहून जास्त माणसं मेली. त्या काळात सर रिचर्ड टेंपल यांना सरकारने खर्च आटोक्यात ठेवायला पाठवलं होतं. मदतकामावरच्या धडधाकट माणसाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढं पुरे, असं त्यांनी ठरवलं. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी, आणि तेवढ्यावर दिवसभर खडी फोडायची. मद्रासचे आरोग्याधिकारी कॉर्निश यांनी यावर जाहीर हरकत घेतली. कुपोषणावर आज जे वाद होतात, त्यातले निम्मे त्या दोघांच्या पत्रव्यवहारात सापडतात.

पण त्याहून मोठी गोष्ट मुंबई इलाख्यात घडली. १८७७च्या सुरुवातीला हजारो मजुरांनी या मजुरीवर काम करायला नकार दिला. उपाशी माणसांचा संप! त्यांच्या मागे उभी राहिली ती पुण्याची सार्वजनिक सभा. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांत माणसं पाठवली, कुठे किती लोक कामावर आहेत, किती गुरं विकली गेली, धान्याचा भाव काय, हे लिहून आणायला लावलं आणि ते सरकारपुढे ठेवलं, छापलं. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि न्यायमूर्ती रानडे ही त्यातली ठळक नावं. यांच्यापैकी कुणी स्वतःला पर्यावरणतज्ज्ञ म्हणवलं नसतं. पण क्षेत्र-अभ्यास म्हणून मी विद्यार्थ्यांना जे करायला सांगते, तेच हे लोक बैलगाडीतून फिरून करत होते.

त्या दुष्काळानंतर आयोग बसला, १८८०ला अहवाल आला आणि १८८३ला दुष्काळ संहितेचा नमुना तयार झाला. त्यावरून प्रांतांनी आपापल्या संहिता केल्या. पाऊस ओढ देतोय याची लक्षणं कोणती, कसोटीची कामं कधी काढायची, कामावर किती लोक आले म्हणजे दुष्काळ धरायचा, मजुरी किती द्यायची, सगळं कलमवार. आजच्या भाषेत तिला पूर्वसूचना आणि प्रतिसाद यंत्रणा म्हणावं लागेल, आणि ती जगातल्या अगदी सुरुवातीच्या लेखी यंत्रणांपैकी एक आहे. खोट एवढीच होती की ती साहेबाने साहेबासाठी लिहिलेली होती. कलेक्टरने काय करावं हे तिच्यात होतं, पण त्याने ते केलं नाही तर शेतकऱ्याने कुणाकडे जायचं, हे नव्हतं.

१८९६ला पुन्हा पाऊस गेला तेव्हा टिळकांनी आणि सभेच्या कार्यकर्त्यांनी नेमकं याच ठिकाणी बोट ठेवलं. सरकारच्याच संहितेत काय लिहिलंय ते ‘केसरी’तून मराठीत समजावून सांगायला सुरुवात केली. पीक इतकं बुडालं असेल तर सारा तहकूब व्हायला हवा, काम मिळायला हवं, हे तुमचं म्हणणं नसून सरकारने स्वतः लिहिलेलं आहे, तेव्हा मागा. कार्यकर्ते गावोगाव गेले, काहींवर खटले झाले आणि १८९७ला सरकारने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. एका सरकारी पुस्तकातला मजकूर लोकांना त्यांच्या भाषेत सांगितला, एवढाच काय तो अपराध. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. स्वराज्याच्या इतिहासात तो एका परिच्छेदात उरकला जातो आणि पर्यावरणाच्या इतिहासात तर त्याला जागाच नाही.

पुढच्या पिढीत हे काम कॉलेजांकडे आलं. कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या एका खेड्याची घर न घर पाहणी केली आणि १९१७ला ती छापली. १७७१ला तिथे सरासरी धारण ४० एकर होती, ती १९१५पर्यंत ७ एकरांवर आली होती. जमिनीचे तुकडे, कर्ज, पाऊस बरा झाला तर कोण तरतं आणि बरा झाला तरी कोण बुडतं, याचा तो हिशेब आहे. ते खेडं म्हणजे पिंपळे सौदागर. हो, तेच. बाल्कनीतून हिंजवडीची ट्रॅफिक बघणारं. मान पुढे मुंबई इलाख्याच्या शेती खात्याचे संचालक झाले, निवृत्त होऊन इंग्लंडला परतले, तरी इथला पाऊस त्यांच्या डोक्यातून गेला नाही. १८६५ ते १९३८ या काळातला दख्खनचा पाऊस आणि दुष्काळ यांवरचं त्यांचं पुस्तक १९५५ला आलं. आमच्या ग्रंथालयात मी ते काढलं तेव्हा आतल्या चिठ्ठीवर माझ्याआधी कित्येक वर्षांत एकही तारीख नव्हती.

स्वातंत्र्यानंतरची एक गोष्ट सांगितली तर वर्गात हमखास हशा होतो. १९६३ला महाराष्ट्राने एक कायदा केला आणि राज्यातल्या सगळ्या कायद्यांमधून ‘फॅमिन’ हा शब्द काढून टाकला. सिंचन वाढलंय, धान्य हलवता येतं, आता दुष्काळ पडू शकत नाही, पडलीच तर टंचाई पडेल, असा त्यामागचा विचार. शब्द गेला, दुष्काळ राहिला. मग ‘टंचाई’, ‘टंचाईसदृश’, ‘दुष्काळसदृश’ अशी सरकारी मराठी तयार होत गेली. २०१६च्या मे महिन्यात प्रकरण उच्च न्यायालयात असताना राज्य सरकारला २९ हजारांहून अधिक गावांसाठी ‘सदृश’ काढून सरळ ‘दुष्काळ’ म्हणावं लागलं. तुम्हाला वाटेल हा शब्दांचा कीस आहे. पण वीजबिलातली सूट, परीक्षा फी माफी, कर्जवसुलीला स्थगिती, हे सगळं त्या शब्दाला लटकलेलं असतं.

बहात्तरचा दुष्काळ मी पाहिलेला नाही, तो मला गावांतून भेटत राहतो. कुठल्याही पाझर तलावावर उभं राहून ‘हा कधीचा?’ विचारा. उत्तर ठरलेलं असतं. बायका सुकडी सांगतात, अमेरिकेतून आलेला लाल मिलो सांगतात, त्याच्या भाकरीची चव सांगताना अजून तोंड वाकडं करतात. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यात मदतकामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. पावसाने तीन वर्षं लागोपाठ हात आखडला होता, धान्याचं उत्पादन कोसळलं होतं, हाल भयंकर झाले. तरीही १८७७सारखी माणसं मेली नाहीत. ज्याँ द्रेझ यांनी पुढे या दुष्काळाचा अभ्यास केला, तो याच प्रश्नाभोवती आहे.

रोजगार हमी मात्र दुष्काळातून एकदम उगवली नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५च्या सुमारास सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग सुरू केला होता. १९७१ला गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी ‘भारतातील दारिद्र्य’ या अभ्यासात कामाच्या हमीची मांडणी केली. १९७२ला योजना राज्यभर जाहीर झाली, दुष्काळी कामांनी ती गिळली, नंतर पुन्हा उभी राहिली. १९७७ला विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर दिवसाला निदान एक रुपया बेकारी भत्ता. रुपया तेव्हाही फार नव्हता. पण १८८३च्या संहितेत जे वाक्य नव्हतं, ते इथे आलं: तुम्ही नाही दिलंत तर आम्हाला काय मिळणार. ते लागू होईपर्यंत मधे ९६ वर्षं गेली.

योजनेत भ्रष्टाचार झाला, खोटे मस्टर भरले गेले, अर्धवट रस्ते राहिले. हे सगळं खरं आहे आणि त्यावर पुष्कळ लिहून झालंय. त्याच संस्थेतल्या कुमुदिनी दांडेकर योजनेच्या पहिल्या काही वर्षांतच कामांवर जाऊन आल्या आणि तिथे कोण येतं याची पाहणी त्यांनी १९८०ला छापली. येणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. प्राध्यापकाने धोरणाचं काय करावं, याचा माझ्यासाठी तो नमुना आहे. कागदावरच्या योजनेची तारीफ किंवा टीका त्यात नाही. खड्ड्यात टिकाव घेऊन कोण उभं आहे, ते मोजलेलं आहे.

त्याच दुष्काळाने पुण्याच्या एका कारखानदार इंजिनिअरला पुरंदर तालुक्यात नेलं. विलासराव साळुंखे. नायगावला देवस्थानची माळरानाची जमीन भाड्याने घेऊन त्यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या एकरांवर न वाटता घरातल्या डोक्यांवर वाटायचं, माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस लावायचा नाही. शेवटच्या अटीमुळे ती फार गावांत पसरली नाही, असं माझं मत आहे. उसाशी वैर घेऊन महाराष्ट्रात काय पसरतं? २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. बहात्तरला धान्य नव्हतं पण विहिरीला पाणी होतं, आता रेशन आहे पण पाणी नाही, हे वाक्य मराठवाड्यात मी इतक्यांदा ऐकलंय की ते कुणाचं म्हणून लिहायचं कळत नाही.

आता आमच्या घरात डोकावू. विद्यापीठात हवामान बदलासाठी आज पूर्वी कधी नव्हता इतका पैसा आहे. प्रकल्प आहेत, मॉडेल आहेत, चर्चासत्रांना पाहुणे आहेत. बढतीचे गुण मात्र आंतरराष्ट्रीय जर्नलमधल्या शोधनिबंधाला मिळतात. तालुक्याच्या गावी जाऊन मराठीत काही समजावून सांगितलं तर त्यासाठी फॉर्ममध्ये रकानाच नाही. धनंजयराव गाडगिळांनी १९४८ला गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचा माणसांवर काय परिणाम झाला हे मोजून दाखवलं. त्यांचे चिरंजीव माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११च्या ऑगस्टमध्ये पश्चिम घाटाचा अहवाल दिला, तर तो लोकांपुढे यायला माहिती आयोग आणि दिल्ली उच्च न्यायालय करत २०१२चा मे उजाडला. तो स्थानिक भाषांत ग्रामसभांपुढे जावा, असं समितीचं म्हणणं होतं. टिळकांनी ‘केसरी’त जे केलं त्याच्याशी याचं नातं मला दिसतं, आणि दोन्ही वेळची सरकारी अस्वस्थताही ओळखीची वाटते.

माझी एक विद्यार्थिनी बीड जिल्ह्यातली आहे. तिची आजी बहात्तरला पाझर तलावावर होती, आई उन्हाळ्यात रोजगार हमीवर जाते. एकदा मी वर्गात उष्मा कृती आराखड्यांबद्दल शिकवत होते. अहमदाबादने २०१३ला असा आराखडा केला, मग इतर शहरांनी, जिल्ह्यांनी. इशारे, पाणपोया, दवाखान्यांत तयारी, दुपारी कामं थांबवण्याच्या सूचना. तिने हात वर करून विचारलं, “मॅडम, दुपारी काम थांबलं तर त्या तासांची मजुरी कोण देणार?” मी आराखडा चाळला. ‘शक्यतो’, ‘प्रयत्न करावा’, ‘सल्ला देण्यात यावा’. मजुरीचा शब्द कुठेच नव्हता. कुणी नाहीच पाळलं तर कुठे जायचं, तेही नव्हतं. १८८३च्या संहितेची सगळी हुशारी त्यात होती आणि तिची खोटही तशीच्या तशी होती.

एप्रिल-मे महिन्यांत काम सर्वांत जास्त मागितलं जातं, आणि ऊनही तेव्हाच सर्वांत जास्त असतं. घाम गाळल्याशिवाय मजुरी नाही, हे तत्त्व टेंपलसाहेबांपासून चालत आलंय. बाहेर राबणंच धोक्याचं होईल अशा दिवसांत त्या तत्त्वाचं काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडच्या कुठल्याही मॉडेलमध्ये नाही. ते कायद्यात लिहावं लागेल, आणि त्याचे पैसे कुणाच्या तरी पगारातून कापावे लागतील.

ती मुलगी आता एका जिल्ह्याचा इंग्रजी आराखडा मराठीत आणते आहे. ज्या वाक्यात काही ‘मिळेल’ असं आहे त्याखाली हिरवी रेघ, जिथे नुसता ‘प्रयत्न’ आहे तिथे लाल. तिची आई आणि गावातल्या आणखी काही बायका तो मसुदा वाचून घेतात, कडेला आपल्या मागण्या लिहवून घेतात. सावली, पाणी, सकाळी लवकरचा मस्टर, थांबलेल्या तासांचे पैसे. प्रबंध म्हणून हे चालेल का, यावर विभागाच्या बैठकीत दोनदा चर्चा झाली. भाषांतर म्हणजे संशोधन नव्हे, असं एक मत पडलं. मी ‘केसरी’चा दाखला दिला, तर तो इतिहास विभागाचा विषय आहे असं सांगण्यात आलं. तिसरी बैठक पुढच्या सोमवारी आहे. तोवर ती गावी गेली आहे, कारण तिकडे कामं निघाली आहेत आणि कामावर पारा बेचाळीसच्या वर आहे.