वॉशर-ड्रायर घ्यायचाय? आधी घरातलं पाणी, वीज अन् जागा बघा

सातारा : पाटण, जावळी, महाबळेश्वर भागात जून लागला की कपडे वाळवणं हे घरातल्या बायकांचं मोठं काम होऊन बसतं. पडवीत दोऱ्या, माजघरात दोऱ्या, तरी शाळेचा गणवेश सकाळी दमटच असतो. त्यामुळे तालुक्याच्या दुकानांत ‘धुवून वाळवून देणारं मशीन’ विचारणारी गिऱ्हाइकं दिसू लागली आहेत. तिकडे माण-खटावात ऊन भरपूर, पण पाणी मोजून वापरावं लागतं. म्हणून एका घरी सोयीचं ठरणारं मशीन दुसऱ्या घरी नुसतं झाकून ठेवायची पाळी येऊ शकते. साधं सेमी ऑटोमॅटिक मशीन साधारण १० ते १५ हजारांत मिळतं. वॉशर-ड्रायरला ५० हजार अन् त्याच्या पुढे मोजावे लागतात. एवढा पैसा घालण्याआधी पुढची माहिती वाचा.

‘ड्रायर’ म्हणजे नेमकं काय?

या एका शब्दात बराच घोळ होतो. दुकानात तीन वेगळ्या गोष्टींना ड्रायर म्हणतात.

१) सेमी ऑटोमॅटिक : यात दोन टब असतात. दुसऱ्या टबला आपण ड्रायर म्हणतो, पण त्यात हिटर नसतो. तो कपडे जोरात फिरवून पाणी काढतो. कपडे दमट निघतात, दोरीवर टाकावेच लागतात.

२) फुल्ली ऑटोमॅटिक : धुणं अन् पिळणं एकाच टबात होतं. काही मशीनवर ‘एअर ड्राय’ लिहिलेलं असतं. तिथंही हवा खेळवून पिळणंच जास्त वेळ चालतं. कपडे पूर्ण वाळत नाहीत.

३) वॉशर-ड्रायर : समोरून दार असलेलं मशीन. धुऊन झाल्यावर त्याच ड्रममध्ये गरम हवा सोडून कपडे वाळवतं. वाफेचं पाणी करून ते सांडपाण्याच्या पाइपातून बाहेर जातं. भिंतीला भोक पाडून वेगळा पाइप काढावा लागत नाही, म्हणून लहान घरात हे बसतं.

दुकानात ‘हिटर आहे का’ एवढंच विचारू नका. बऱ्याच मशीनना पाणी तापवायचा हिटर असतोच. ‘कपडे वाळवायचा हिटर आहे का अन् किती किलो कपडे वाळतात’ असं विचारा.

किलोचं गणित

वॉशर-ड्रायरवर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ८ किलो अन् ५ किलो. म्हणजे धुणं ८ किलोचं, पण वाळणं ५ किलोचंच. हे वजन कोरड्या कपड्यांचं धरायचं. एक जीनची पँट साधारण ६०० ते ७०० ग्रॅम भरते. ८ किलो कपडे टाकून धुणं-वाळवणं एकदम लावलं तर कपडे ओलेच निघतात अन् मशीन बिघडल्यासारखं वाटतं. अशा वेळी धुऊन झाल्यावर निम्मे कपडे बाहेर काढायचे, मग वाळवण लावायचं.

धुणं अन् वाळवणं मिळून साधारण ४ ते ६ तास जातात. सकाळी सातला शाळेत जाणाऱ्या पोराचा गणवेश पहाटे टाकून भागणार नाही, रात्रीच उरकावा लागेल. गोधडी, वाकळ यात टाकू नये. ती इतकं पाणी पिते की ड्रमचा तोल जातो.

वीज किती लागते?

वाळवणाचा हिटर साधारण २,००० वॅटच्या आसपास असतो. एका धुण्या-वाळवण्याला ३ ते ५ युनिट धरून चाला. महिन्यात १५ वेळा वापर केला अन् सरासरी ४ युनिट धरले, तर ६० युनिट वाढतात. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटपर्यंतचा दर कमी आहे, १०१ ते ३०० चा बराच जास्त. ज्या घराचं बिल आज ८० युनिटचं येतं ते १४० वर जाईल अन् वरचे ४० युनिट चढ्या दराने पडतील.

आता दुसरी बाजू बघा. सेमी ऑटोमॅटिकच्या टबात कपडे दोनदा पिळले, हँगरला सुटे टांगले अन् ७५ वॅटचा पंखा ८ तास लावला, तर ०.६ युनिट जळतं. खोलीची एक खिडकी उघडी हवी, नाहीतर दमटपणा आतच राहतो अन् भिंतीला बुरशी धरते.

वायरिंगकडे कानाडोळा नको. या मशीनला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट अन् पक्कं अर्थिंग लागतं. मिक्सरच्या बोर्डावरून एक्स्टेंशन वायर ओढून चालवलं तर वायर तापून जळू शकते. ओल्या फरशीवर अर्थिंग नसलेलं मशीन म्हणजे जिवाशी खेळ. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवा. घरच्या इन्व्हर्टरवर वाळवण चालवू नका, त्याला तेवढा भार झेपत नाही. व्होल्टेज कमी-जास्त होत असेल तर कंपनीने सांगितलेल्या क्षमतेचा स्टॅबिलायझर घ्या.

पाण्याची अट

सेमी ऑटोमॅटिकला बादलीने पाणी ओतलं तरी चालतं. वॉशर-ड्रायरला नळाला दाब लागतो. मशीनच्या पुस्तकात किमान दाब दिलेला असतो. तो ०.०३ मेगापास्कल असेल तर टाकीतल्या पाण्याची पातळी मशीनच्या नळापेक्षा सुमारे १० फूट उंच हवी, ०.०५ असेल तर सुमारे १७ फूट. घरावरच्या बुटक्या स्टँडवर टाकी असेल तर आधी टेपने मोजा.

आणखी एक गोष्ट दुकानात सहसा कळत नाही. बऱ्याच वॉशर-ड्रायरमध्ये वाफ थंड करायला वाळवतानाही पाणी लागतं. मधेच टाकी रिकामी झाली तर वाळवण अडतं. नळाला दोन दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात मोठी साठवण टाकी नसेल, तर हे मशीन न घेतलेलं बरं.

बोअरचं पाणी जड असेल तर साबणाला फेस कमी येतो अन् हिटरवर पांढरा थर चढतो. कंपनी सांगते ती थर काढायची पावडर ठरावीक दिवसांनी वापरा.

जागा अन् बसवणं

मशीन साधारण २ फूट रुंद अन् पावणेतीन फूट उंच असतं. दार उघडायला पुढे आणखी दीड-दोन फूट मोकळे हवेत. वजन ६५ ते ८० किलो, म्हणून खालची फरशी पक्की अन् सपाट हवी. शेणाने सारवलेल्या जमिनीवर किंवा लाकडी माळ्यावर ठेवू नका. वाहतुकीसाठी मागे लावलेले बोल्ट पहिल्या वापराआधी काढावेच लागतात. ते तसेच राहिले तर मशीन जागेवरून उड्या मारतं.

शेतकरी घराने जास्त जपायचं

फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर दगावले, हे विसरून चालणार नाही. हे कपडे हातमोजे घालून वेगळे भिजवा, आधी साध्या पाण्याने खळबळा, मग थोडे थोडे करून भरपूर पाण्यात धुवा. ते पाणी विहीर, ओढ्याकडे जाऊ देऊ नका. मशीनमध्ये धुतले तर नंतर साबण टाकून मशीन एकदा रिकामं चालवा. वाळवायचे उन्हातच. अंगावरच्या कपड्यांवर न मिसळलेलं औषध सांडलं असेल तर ते कपडे पुन्हा वापरू नका.

डिझेल, पेट्रोल, रॉकेल, थिनर किंवा खाद्यतेल लागलेले कपडे वाळवणात कधीच टाकू नका. गरम हवेने पेट घेण्याचा धोका असतो. पोळ्याला बैल रंगवताना, इंजिन दुरुस्त करताना घातलेले कपडे आधी तपासून बघा.

रोजच्या वापरात

- खिसे बघा. खिळा, नट, गुटख्याची पुडी पंप अडवते.
- वाळवणाआधी पिळण्याचा वेग जास्त ठेवा. जेवढं पाणी आधी निघेल तेवढी वीज वाचते.
- लोकर, रेशीम, पैठणी वाळवणात टाकू नका. कपड्याच्या पट्टीवरची खूण बघा.
- साडी जाळीच्या पिशवीत घाला, नाहीतर बाकीच्या कपड्यांना पीळ बसतो.
- खालची जाळी ठरावीक दिवसांनी साफ करा. काम झाल्यावर दार उघडं ठेवा, वास धरत नाही. लहान मूल आत शिरणार नाही एवढं मात्र बघा.

कोणी घ्यावं, कोणी थांबावं?

चार महिने ऊन न दिसणारं गाव, नळाला कायम दाबाचं पाणी, पक्कं वायरिंग अन् घरात तान्हं बाळ किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, तर वॉशर-ड्रायरचा पैसा वसूल होतो. एवढं सगळं नसेल तर चांगलं सेमी ऑटोमॅटिक, हँगर अन् पंखा यांत काम भागतं. उरलेल्या पैशात आधी अर्थिंग अन् टाकीचं स्टँड करून घ्यावं.

घेताना पक्कं बिल अन् शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड घ्या. दुरुस्तीचा माणूस तुमच्या गावापर्यंत येतो का, येण्याचे वेगळे पैसे घेतो का, हे पैसे देण्याआधी विचारा. दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.